संगणकवाल्यांची जत्रा

जत्रेला माणसे देवदर्शनासाठी जातात, असे म्हणण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. पण दर्शनाला वेळ तो किती लागतो? रांग सोडली तर दोन मिनिटे. उरलेला सारा दिवस माणूस काय करतो ते पाहावे, म्हणजे जत्रा कशासाठी भरते ते कळते. बैलांचे सौदे होतात, सोयरिकी जुळतात, वर्षभर न भेटलेले मावसभाऊ भेटतात, कुणाच्या विहिरीला पाणी लागले आणि कुणाचे बियाणे फसले याची खबर गावोगाव जाते. देव हे निमित्त खरे. परंतु ते निमित्त नसते तर कुणीच आले नसते, हेही तितकेच खरे. आमच्या साहित्यसंमेलनांची तऱ्हा याहून फार निराळी नाही. १८७८ साली पुण्यास न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांनी ग्रंथकारांना एकत्र बोलावले, तेव्हापासून आजतागायत अध्यक्षीय भाषण ऐकून कुणी लेखक झाल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही. मंडपाबाहेर मात्र, पुस्तकांच्या गाळ्यापाशी नाहीतर चहाच्या टपरीवर झालेल्या ओळखींतून पुस्तके निघाली, मासिके निघाली, आणि खोटे कशाला बोला, भांडणेही निघाली.

संगणकासारख्या रुक्ष यंत्राच्या इतिहासात या जत्रेचे काय काम, असे वाचकांस वाटेल. तो इतिहास प्रयोगशाळांचा, कारखान्यांचा आणि चार-दोन अलौकिक बुद्धीच्या माणसांचा, अशी माझीही समजूत होती. पण शाळेतल्या मुलांना तो सांगण्याची पाळी आली, म्हणून थोडे वाचन केले. आणि असे दिसले की, या यंत्राच्या वाटचालीतली मोठी वळणे पुष्कळशी मेळाव्यांत पडलेली आहेत, आणि त्यांतली निम्मी तरी मंडपाबाहेर. त्या मेळाव्यांचीच ही हकीकत.

पहिला मेळावा १९६८ सालचा. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सॅन फ्रान्सिस्को येथे संगणकतज्ज्ञांची मोठी परिषद भरली होती. त्या काळचा संगणक म्हणजे खोलीभर पसरलेले कपाटांचे धूड. सरकारने, बँकेने वा विद्यापीठाने पोसावे असे. त्याला प्रश्न विचारायचा तो भोके पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा देऊन, आणि मग उत्तराची वाट पाहत बसायचे. अशा दिवसांत ९ डिसेंबरला डग्लस एंगलबार्ट नावाचा एक मृदुभाषी संशोधक व्यासपीठावर बसला. त्याचा संगणक तिथून सुमारे ५० किलोमीटरवर मेन्लो पार्क या गावी होता. एंगलबार्टने हातात एक छोटीशी डबी धरून ती टेबलावर सरकवली, आणि समोरच्या भल्या मोठ्या पडद्यावर एक ठिपका तिच्यामागे धावू लागला. आज ज्याला आपण ‘माऊस’ म्हणतो तो जगाने प्रथम पाहिला तो असा. मग त्याने पडद्यावर मजकूर लिहिला, खोडला, हलवला. दूरच्या सहकाऱ्याचा चेहरा पडद्यावर आणून त्याच्याशी बोलत बोलत दोघांनी मिळून काम केले. दीड तासाचा खेळ संपला तेव्हा हजारभर श्रोते उभे राहून टाळ्या वाजवीत होते.

टाळ्या वाजल्या, आणि लोक घरी गेले. माऊस सामान्य माणसाच्या टेबलावर येईपर्यंत पुढे पंधरा वर्षे लोटली. याची कारणे अनेक आहेत. यंत्र महाग होते हे त्यांतले पहिले. पण मला वाटते, आणखीही एक आहे. श्रोता हा शेवटी श्रोताच राहतो. त्याच्या हाताला काही लागत नाही.

हाताला लागण्याची सोय चार वर्षांनी झाली, ती त्याच देशाच्या दुसऱ्या टोकाला, वॉशिंग्टन येथे. १९७२ च्या ऑक्टोबरात तिथल्या हिल्टन हॉटेलात संगणकांच्या परस्परसंपर्काविषयी पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. अमेरिकन सरकारच्या पैशातून विद्यापीठांचे संगणक एकमेकांना जोडणारे ‘अर्पानेट’ नावाचे जाळे १९६९ पासून चालू होते. पण ते खरोखर चालते यावर बाहेरच्या फार थोड्यांचा विश्वास होता. टेलिफोनवाल्यांचा तर मुळीच नव्हता. तेव्हा रॉबर्ट कान या अभियंत्याने ठरवले की, व्याख्याने पुरेत, आता लोकांना खुर्चीवर बसवू या. हॉटेलच्या दालनात कळफलकांची टेबले मांडली. कुणीही यावे, बसावे, आणि शेकडो मैलांवरच्या यंत्राला कामाला लावावे. पाहुण्यांसाठी मार्गदर्शक पुस्तिका लिहिली रॉबर्ट मेटकाफ नावाच्या तरुणाने. हा मेटकाफ टेलिफोन कंपनीच्या बड्या अधिकाऱ्यांना जाळे दाखवीत असतानाच नेमके ते बंद पडले, आणि ते अधिकारी गालात हसले! ती हकीकत त्याने पुढे अनेकदा सांगितली आहे, आणि प्रत्येक वेळी त्यातला राग ताजा असतो. बाकी सर्वांसाठी मात्र ते जाळे चालले.

पण परिषदेचे खरे फळ त्या टेबलांवरही नव्हते. फ्रान्स, इंग्लंड, अमेरिका या देशांत आपापली जाळी विणणारी माणसे प्रथमच एका छताखाली आली होती. तुमचे जाळे आमच्या जाळ्याला जोडायचे कसे, हा प्रश्न त्यांच्या आपसातल्या बोलण्यात निघाला, आणि त्यासाठी एक मंडळ तिथेच स्थापन झाले. अध्यक्ष केले व्हिंट सर्फ यांना. वय वर्षे २९. पुढे १९७४ च्या मे महिन्यात सर्फ आणि कान यांनी जाळ्यांना जोडणाऱ्या नियमांचा लेख प्रसिद्ध केला. आज साताऱ्याची आजी बोस्टनच्या नातवाचे बोबडे बोल मोबाइलवर ऐकते, ती त्याच नियमांच्या वंशजांच्या कृपेने.

तथापि हे सारे शहाण्यासुरत्यांचे, पदवीधरांचे आणि सरकारी खर्चाचे मेळावे. संगणक घरात आला तो यांच्या दाराने नव्हे. त्यासाठी पुन्हा मेन्लो पार्कला, एंगलबार्टच्या त्या गावाला, जायला हवे; पण या खेपेस प्रयोगशाळेत नव्हे, तर एका घराच्या मोटारीच्या गॅरेजात.

१९७५ च्या जानेवारीत ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ या मासिकाच्या मुखपृष्ठावर ‘अल्टेअर’ नावाच्या यंत्राचे चित्र झळकले. ३९७ डॉलरांत सुट्या भागांचा संच टपालाने यायचा. तो घरी बसून आपण डाग देऊन जोडायचा. एवढे करून हाती काय येई? एक पेटी. तिला पडदा नाही, कळफलक नाही. पुढच्या बाजूला बटणे आणि मिणमिणते दिवे. पण तो संगणक होता, आणि तो आपला स्वतःचा होता. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या संगणकाभोवती घिरट्या घातल्या, त्यांना या वाक्याची गोडी काय असेल ते आपण कल्पनेनेच जाणावे.

ही मंडळी एकत्र यावीत असे वाटणाऱ्यांपैकी एक होता फ्रेड मूर. हा काही यंत्रांचा पंडित नव्हता. १९५९ साली बर्कलीच्या विद्यापीठात सक्तीच्या लष्करी शिक्षणाविरुद्ध त्याने एकट्याने उपोषण केले होते. उपोषण हा शब्द कॅलिफोर्नियाच्या संदर्भात वाचून मी क्षणभर थबकलो, हे सांगायला हवे. पैशापेक्षा माणसांची एकमेकांना होणारी मदत मोठी, हे त्याचे जन्माचे वेड. त्याने आणि गॉर्डन फ्रेंच या त्याच्या मित्राने चिठ्ठ्या लावून निमंत्रण दिले, आणि ५ मार्च १९७५ च्या पावसाळी रात्री फ्रेंचच्या गॅरेजात ३२ माणसे जमली. मंडळाला नाव मिळाले ‘होमब्रू कॉम्प्युटर क्लब’. होमब्रू म्हणजे घरच्या भट्टीची. अर्थात इथे पेयाशी संबंध नाही, घरी जमवलेल्या यंत्रांशी आहे.

पुढे महिन्याभरात गावातल्या एका शाळेत सभा भरली, तिची गंमत मुलांना मी हटकून सांगतो. स्टीव्ह डॉम्पियर हा सभासद आपले अल्टेअर आणि एक साधा रेडिओ घेऊन आला. बटणे एकेक करून खालीवर करीत त्याने यंत्रात आज्ञा भरल्या. त्यात बराच वेळ गेला. मध्येच कुणाच्या तरी पायात विजेची तार अडकली, यंत्र बंद पडले आणि सारे पुन्हा पहिल्यापासून करावे लागले. शेवटी शेजारच्या रेडिओतून खरखरत सूर निघाले: बीटल्सचे एक गाणे! यंत्र चालताना रेडिओत जी खरखर उठते, तिलाच त्याने सुरात बसवले होते. यंत्राचा उपयोग काय असे ज्यांना घरचे लोक रोज विचारीत, त्या साऱ्यांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या, आणि सभा पुन्हा ऐकवण्याचा हट्ट धरून बसली.

सभासद शेकड्यांनी वाढले, तेव्हा सभा स्टॅनफर्डच्या एका संशोधनकेंद्राच्या सभागृहात भरू लागली. ती चालवण्याची ली फेल्सेनस्टाइनची रीत मात्र लक्षात ठेवण्याजोगी होती. सभेचा पहिला भाग ‘नकाशा काढण्या’चा. ज्याच्यापाशी काही सांगण्यासारखे, विकण्यासारखे वा विचारण्यासारखे असेल त्याने उठावे आणि थोडक्यात बोलावे. माझ्याकडे अमुक भाग जास्तीचा आहे. मला तमुक जुळवता येत नाही. नवी वार्ता अशी आहे. चर्चा तिथे करायची नाही. फक्त कोण कुठे बसला आहे आणि त्याच्याकडे काय आहे ते ध्यानात ठेवायचे. मग दुसरा भाग खुला. ज्याने त्याने उठून आपल्याला हवा तो माणूस गाठावा. अर्धी सभा ही सभा नव्हेच, असे त्याने नियमानेच ठरवून टाकले. आपण जत्रेत आपोआप करतो ते या माणसाने हिशेबाने केले.

या खुल्या वेळात काय काय घडले! ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत नोकरी करणारा स्टीव्ह वॉझ्नियाक नावाचा लाजाळू तरुण गॅरेजातल्या पहिल्या सभेला होता. तिथे मिळालेला एका प्रक्रियकाचा माहितीपट त्याने घरी नेऊन वाचला, आणि आपणही संगणक बांधू शकू असे त्याच्या मनाने घेतले. बांधलेले यंत्र तो दर सभेला घेऊन येई आणि त्याचे आराखडे मागेल त्याला फुकट वाटी. आराखडे वाटण्यापेक्षा यंत्र विकावे, हे त्याचा मित्र स्टीव्ह जॉब्ज याने सुचवले. क्लबात येणाऱ्या पॉल टेरेल या दुकानदाराने ५० नग मागितले, आणि १९७६ साली ‘ॲपल’ कंपनी उभी राहिली. असल्या वीसाहून अधिक कंपन्यांची मुळे त्या क्लबात सापडतात, असे सांगतात.

आता भांडणाकडे वळू. बिल गेट्स आणि पॉल ॲलन या दोन तरुणांनी अल्टेअरसाठी ‘बेसिक’ भाषेचा कार्यक्रम लिहिला होता. कागदी फितीवर भोके पाडून तो विकला जाई. १९७५ च्या उन्हाळ्यात त्याची एक फीत कुणीतरी उचलली, तिच्या नकला निघाल्या, आणि क्लबाच्या सभेत त्या वाटल्या गेल्या. अट एकच: एक न्याल, तर पुढच्या सभेला दोन करून आणा. शेजारच्या फराळाचे ताट रिकामे परत पाठवू नये, हा आपल्या आयाबहिणींचा नियम; पण तिथे ताटातला फराळ दुसऱ्याच्याच घरचा होता! ३ फेब्रुवारी १९७६ या तारखेचे गेट्सचे जाहीर पत्र प्रसिद्ध झाले. त्यात त्याने म्हटले की, अल्टेअर वापरणाऱ्यांपैकी शेकडा दहा जणांनीही आमचे बेसिक विकत घेतलेले नाही. बहुतेकांनी ते चोरले आहे. आणि फुकटात काम करणे कुणाला परवडते?

हे पत्र मी जेव्हा जेव्हा वाचतो, तेव्हा माझ्यातले दोघेजण आपसात भांडू लागतात. मी कादंबऱ्या लिहितो. दोन वर्षे राबून लिहिलेली कादंबरी प्रसिद्ध होऊन महिना होत नाही तो मोबाइलवरून फुकट फिरू लागते, आणि वर वाचक प्रेमाने कळवतात की, ‘सर, आम्ही आमच्या साठ जणांच्या गटात टाकली!’ त्या वेळी मी सर्वस्वी गेट्सच्या बाजूचा असतो. दुसऱ्या दिवशी वर्गात उभा राहिलो की मला आठवते, मला जे येते ते सारे कुणी ना कुणी फुकट दिलेले आहे. त्या वेळी मी फ्रेड मूरचा होतो. दोघांपैकी एकाला खोटे पाडून हा तंटा मिटणार नाही. ज्या चौकात कुणी काही फुकट देत नाही तिथे माणसे जमत नाहीत. आणि ज्याच्या घामाचे मोल कुणी देत नाही तो पुन्हा चौकात येत नाही. मूर त्या क्लबातून वर्षाच्या आतच बाहेर पडला. पुढे सभासदांच्या कंपन्या झाल्या, कंपन्यांची गुपिते झाली, आणि ‘माझ्याकडे काय आहे’ हे सांगायला उठणारी माणसे ओठ दाबून बसू लागली. १९८६ च्या डिसेंबरात क्लबाची शेवटची सभा झाली.

पण त्याआधी या मंडळींनी एक खरीखुरी जत्रा भरवली. जिम वॉरन हा पूर्वाश्रमीचा गणिताचा मास्तर. म्हणून माझा त्याच्याकडे थोडा अधिकच ओढा. त्याने १९७७ च्या एप्रिलात सॅन फ्रान्सिस्कोला ‘वेस्ट कोस्ट कॉम्प्युटर फेअर’ मांडला. माणसे आली बारा-तेरा हजार! याच जत्रेत ॲपलचे दुसरे यंत्र लोकांपुढे आले, आणि कमोडोर कंपनीचा ‘पेट’ही. गॅरेजातले वेड बाजारात उभे राहिले ते या दोन दिवसांत.

याच वाटेवर एक धागा आपल्या देशाला येऊन मिळतो. होमब्रूच्या सभांना ॲडम ऑस्बर्न नावाचे गृहस्थ आपली संगणकावरची पुस्तके खोक्यात भरून विकायला आणीत. या गृहस्थांचे बालपण तमिळनाडूत तिरुवण्णामलैला, रमण महर्षींच्या सान्निध्यात गेले होते. वडील आर्थर हे महर्षींचे भक्त. क्लबात भेटलेल्या फेल्सेनस्टाइनकडून ऑस्बर्नने उचलून नेता येईल असा संगणक आखून घेतला, आणि १९८१ च्या जत्रेत तो मांडला. किंमत १,७९५ डॉलर, वजन अकरा किलो. म्हणजे उचलून नेता येई, पण उचलणाराही तसाच हवा! यंत्र धडाक्याने खपले, आणि १९८३ साली कंपनी बुडाली. ऑस्बर्न अखेरीस दक्षिणेतच परतला. २००३ साली कोडाईकॅनॉलला वारला.

या जत्रांचे कौतुक करताना एक गोष्ट झाकून ठेवता येत नाही. त्या गॅरेजात आणि त्या सभागृहात बायका जवळजवळ नव्हत्या. ‘कुणीही यावे’ असे दारावर लिहिले तरी सर्वांना ते आपल्यासाठी वाटतेच असे नाही. १९८७ साली संगणकशास्त्राच्या अशाच एका परिषदेत अनिता बोर्ग या विदुषीला पुरुषांच्या गर्दीत मोजक्या स्त्रिया दिसल्या. त्यांचे बोलणे कुठे सुरू झाले असेल? स्त्रियांच्या प्रसाधनगृहात! तिथून मग एकत्र जेवण ठरले, जेवताना परस्परांशी पत्रव्यवहार ठेवायचे ठरले, आणि त्यातून जगभरच्या संगणकक्षेत्रातील स्त्रियांचे ‘सिस्टर्स’ हे मंडळ उभे राहिले. १९९४ साली बोर्ग आणि टेल व्हिटनी यांनी वॉशिंग्टनला स्त्रियांची स्वतंत्र परिषद भरवली, आणि तिला ग्रेस हॉपर या थोर संगणकविदुषीचे नाव दिले. तेव्हा पाचशेच्या आसपास आलेल्या स्त्रिया पुढे हजारोंनी येऊ लागल्या. ज्यांना मंडपात जागा नव्हती त्यांनी मंडपाबाहेर आपला मंडप घातला, असा हा प्रकार.

आपल्याकडेही सुरुवात अशाच घोळक्यातून झाली. १९६५ साली संगणक वापरणाऱ्या मूठभर मंडळींच्या गटातून ‘कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडिया’ निघाली. तिचे पहिले अध्यक्ष मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले आर. नरसिंहन. सबंध देशात संगणक बोटांवर मोजण्याइतके होते, तेव्हा ते ज्यांच्या वाट्याला आले त्यांनी एकमेकांना विचारल्याशिवाय गत्यंतरच नव्हते. टंचाई माणसांना बोलते करते, याचा अनुभव रेशनच्या रांगेत उभ्या राहिलेल्या पिढीला वेगळा सांगायला नको.

सुबत्तेने काय होते, तेही याच इतिहासात पाहावे. १९७९ साली शेल्डन ॲडेल्सन या व्यापाऱ्याने लास वेगास या जुगाराच्या नगरीत ‘कॉमडेक्स’ हे संगणकांचे प्रदर्शन भरवले. ते एवढे फुगले की पुढे दोन लाख माणसे येऊ लागली, आणि १९९५ साली ॲडेल्सनने आपला हा प्रदर्शनांचा धंदा ऐंशी कोटी डॉलरांहून अधिक किमतीला जपानी कंपनीस विकला. पहा, गॅरेजात जी गोष्ट कुणाच्याच मालकीची नव्हती, तिचा केवढा हा भाव! पण २००३ नंतर कॉमडेक्स पुन्हा तिथे भरलेच नाही. बडे गाळेवाले निघून गेले, म्हणून गर्दी गेली. गर्दी गेली, म्हणून उरलेलेही गेले. कारणे व्यापारी आहेत, मान्य. तरी एक प्रश्न मनात राहतो: माणसे एकमेकांसाठी येत होती, तो मेळावा भाड्याच्या खोलीत, उसन्या शाळेत तगला, मालासाठी येऊ लागली, तो दोन लाखांचा असूनही मोडला. हे कसे?

मग २०२० साल आले. फेब्रुवारीतच बार्सिलोनाची मोबाइलवाल्यांची प्रचंड परिषद रद्द झाली, आणि पाठोपाठ जगभरच्या परिषदा पडद्यावर गेल्या. एंगलबार्टने ५२ वर्षांपूर्वी दाखवलेली जादू आता सक्तीची झाली. भाषणे उत्तम ऐकू आली; खरे तर मंडपात ऐकू येतात त्याहून स्पष्ट. शिक्षक म्हणून मीही त्या काळात पडद्यावरून शिकवले. धडे पुरे झाले, परीक्षाही झाल्या. पण शाळा पुन्हा उघडली त्या पहिल्या दिवशी मुले धावली ती वर्गाकडे नव्हे; पटांगणाकडे, पाण्याच्या टाकीकडे, एकमेकांच्या डब्यांकडे. परिषदांचेही तेच झाले. निर्बंध उठताच माणसे तिकिटे काढून, विमानात बसून पुन्हा त्याच सभागृहांच्या पडव्यांत उभी राहिली. जी भाषणे घरबसल्या ऐकता आली असती त्यांच्या निमित्ताने.

फेल्सेनस्टाइनला हे १९७५ सालीच कळले होते. म्हणून यापुढे कुणी संमेलन, परिषद वा मेळावा भरवू म्हणेल, त्याला या मास्तराची एकच सूचना आहे. वक्ते हवे ते बोलवा, हारतुरे हवे तितके आणा. पण वेळापत्रक आखताना मधली सुट्टी मोठी ठेवा. आणि सुट्टीत कुणी नवा मुलगा किंवा मुलगी एकटीच भिंतीशी उभी दिसली, तर तिला विचारा, ‘तू काय आणलेस?’